यशोधराबाईंचं श्रुतलेखन

उल्हासनगर कॅम्प ५
१२ जानेवारी २०२४

ती. आण्णास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू पलीकडून नुसता हॅलो हॅलो ओरडतोस, म्हणून पत्र. विनीतकडे राहायला येऊन महिना झाला. सूनबाई लविना माझ्याशी छान मराठीत बोलते. पण तिची आई द्रौपदीबाई खालच्याच मजल्यावर राहते. रोज दुपारी ती पापड लाटायला वर येते आणि मायलेकींची सिंधी सुरू होते. मधे मी, कोऱ्या पाटीसारखी.

पण तीस वर्षं कुळगावच्या शाळेत मुलांना श्रुतलेखन घातलंय मी. गुपचूप एक वही केली आहे. कानावर पडेल ते पापडांच्या आडून टिपते. सुठो म्हणजे चांगलं. सस म्हणजे सासू, म्हणजे मीच. असे एकसष्ट शब्द झाले. कोणाला पत्ता नाही. चेहरा इतका भोळा ठेवते की तूसुद्धा फसशील.

गुडघा कुरकुरतो. विनीत ऑपरेशनचं काढतो, मी विषय बदलते.

माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.
तुझी,
यशोधरा


बदलापूर गाव
१९ जानेवारी २०२४

चि. यशोस,
अनेक आशीर्वाद.

चोरून ऐकण्यात तू लहानपणापासून हुशार, अर्थ लावण्यात नाही. आत्यासाठी स्थळ बघायला निघालेत हे ऐकून तू सहलीचा डबा भरून दारात बसली होतीस, आठवतं का?

मला दहातले चार शब्द ऐकू येतात. कानाचं मशीन आहे, पण तुझी वहिनी बोलायला लागली की ते डब्यात जातं. उरलेले सहा शब्द मी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून भरून काढतो. तू वहीत डोकं घालून बसणार, तर चेहरा कधी बघणार?

गुडघ्याला जप. आमच्यावर रागावलीस तरी लिहायचं थांबू नकोस.
तुझा,
आण्णा


उल्हासनगर कॅम्प ५
२ फेब्रुवारी २०२४

ती. आण्णास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळताच मला घ्यायला ये. काल द्रौपदीबाई लेकीला तीनदा म्हणाली आणि तीनदा मी टिपलं. ऑपरेशन, दवाखाना, सस खपे. म्हणजे गुडघ्याच्या ऑपरेशनात सासू खपेल. तेही पापड लाटता लाटता, कोशिंबीर करू का विचारावं तशा आवाजात. वर मला पापडाची लाटी खायला दिली. मी अर्धीच खाल्ली.

चेहरा बघ म्हणालास. बघितला. हसत होती.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. यांच्यामागे मुलाच्या घरी जीव रमेल असं वाटलं होतं रे. बॅग भरून ठेवली आहे.

तुझ्या मायेवरच भिस्त.
यशोधरा


उल्हासनगर कॅम्प ५
२७ फेब्रुवारी २०२४

ती. आण्णास,
सा. न. वि. वि.

तू आला नाहीस ते बरंच झालं. त्या शनिवारी मला राहवलं नाही. द्रौपदीबाई पुन्हा ऑपरेशनचं काढून बसली, तेव्हा मी पोळपाट बाजूला सारला आणि म्हणाले, "मी खपणार नाही. इतक्यात तर मुळीच नाही."

मला वाटलं ती ओशाळेल. तर तिचे डोळे भरले. लविना आधी तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग हसत हसत खाली बसली ती उठेचना. शेवटी म्हणाली, "आई, खपे म्हणजे पाहिजे. मम्मीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, अंबरनाथला. मी रजा घेते म्हटलं, तर तिला मी नको. तिला तुम्ही पाहिजे."

आणि माझं खपणार नाही ऐकून तिला वाटलं, मी यायलाच नाही म्हणते आहे.

मीच का, म्हणून विचारलं. तर कारण असं की लेक शब्दाशब्दाला अडवते, आणि मी बिचारी काही न कळता मान हलवते, माझ्यासमोर मन मोकळं करता येतं. मग मात्र मला वही दाखवावी लागली. तिने ती पानापानाने लविनाकडून वाचून घेतली आणि कपाळाला हात लावला. माझ्यासमोर ती काय काय बोलली होती, ते तिला आठवत असणार. माझ्या घोरण्याचं तर मला आत्ता कळलं. त्या दिवशी ती चहा न घेताच खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दवाखान्याची पिशवी घेऊन माझ्याच दारात उभी.

ऑपरेशन छान झालं. दिवसातून चारदा मी तिच्या डोळ्यात थेंब घालते. दुपारी ती पडल्या पडल्या तिच्या यजमानांचं सांगत होती. अर्धं कळलं. उरलेलं पुन्हा सांगायला लावलं, तर तिने अगदी पहिल्यापासून सुरू केलं. संपेपर्यंत दिवे लागले. मग माझ्या उशीला उशी लावून तिने विचारलं, तुझे यजमान कसे होते. मी मराठीत सांगत बसले. किती कळलं देव जाणे, पण योग्य तिथे रडली.

वहिनीला नमस्कार. आमची आठवण असू दे.
तुझी,
यशोधरा