कौशल्याबाईंच्या धुऱ्याचा धूर

५ मे
विद्यापीठात लागलो. पद: क्षेत्र सहाय्यक. प्रकल्प: आंतरविद्याशाखीय शाश्वत ग्राम अभ्यास. एका दमात तीनदा म्हणून पाहिलं, दोनदा जमलं.
चार डिपार्टमेंट आहेत: माती, हवा, समाजशास्त्र, मॅनेजमेंट. एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून एक गाव देऊन बोलायला लावायचं आहे, असं मोनाली मॅडम म्हणाल्या. मॅडम कोऑर्डिनेटर, मूळच्या पुण्याच्या. मधला दुवा मी. आयटीआय अर्धवट, नागपुरात मोबाईल रिपेअरिंग अर्धवट, हैदराबाद तर पाऊणच. म्हणजे आपण आधीपासूनच आंतरविद्याशाखीय.
निश्चय: रोज सहाला उठणे. आंजी गाव, चाळीस घरं, दहा दिवसांत खल्लास.

६ मे
सहाला उठलो. नंतर नऊलाही उठलो. बस गेली होती.

९ मे, आंजी
पोहोचलो एकदाचा. पहिलंच घर कौशल्याबाईंचं. अर्धा एकर वावर, भाजी लावतात, वर्ध्याच्या बाजारात स्वतः विकतात. शाश्वत म्हणजे काय, त्यांनी विचारलं. टिकणारं, असं मी सांगितलं. तर म्हणाल्या, मंग पहिले माया धुरा टिकवून दे बापा, धुऱ्यानं जीव खाल्ला.
केस अशी: वरचं वावर तानबाजींचं. मधला धुरा फुटलेला, बैलगाडी जाईल एवढी फट. मागच्या पावसाळ्यात वरचं पाणी त्यातून आलं अन् लावलेली वांगी मातीसकट घेऊन गेलं. फट कोणाच्या हद्दीत, यावर दोघांचं वाजलेलं, म्हणून माती कोणीच टाकत नाही. विद्यापीठाचा माणूस मोजून सांगन तं तानबाजी ऐकतीन, बाकी मले काही नाई पाहिजे, पण पावसाच्या आत, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हटलं, समजा झालंच.
फॉर्म मोबाईलवर. हवा डिपार्टमेंटनं बनवलेला. समस्येचा प्रकार: वीज, पिण्याचं पाणी, धूर, कचरा, इतर. ‘इतर’ दाबलं की शंभर शब्द लिहा म्हणते. बॅटरी नऊ टक्के. ‘धूर’ दाबलं. एक काना गेला फक्त. ऱ्हस्व-दीर्घाचं तर शाळेतही कोणी मनावर घेतलं नाही.
मॅडमना धुरा म्हणजे बांध हे माहीत नसणार. उद्या सांगतो.

१० मे
सांगणारच होतो. पण मित्रानं, साहिलनं, ड्रोन घेतला, पुलगावला उडवायला गेलतो. ड्रोन चिंचेवर आहे.

१७ मे
चाळीस घरं पूर्ण. अकरा फिरून, उरलेली अंदाजानं. अंदाज हाही अनुभवच असतो.
मॅडमचा फोन. हवा डिपार्टमेंट हललं आहे म्हणे. गावात सगळ्यांकडे गॅस, अन् धुराची तक्रार एकाच बाईची, तीही वावरातली! असा डेटा कुठेच नाही. मेलमध्ये माझं नाव, तेही जाड अक्षरात. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, निशांत, असंच काम कर, जुलैत तुला कायम करायचं बोलून ठेवलंय.
माणूस आनंदात असताना काना-मात्रा काढू नये.

२४ मे
चारही डिपार्टमेंट एका टेबलावर. इतिहासात पहिल्यांदा, अन् कोणामुळे, ते मी बोलून दाखवलं नाही. हवावाले कौशल्याबाईंच्या वावरात धूर मोजायचं मशीन लावणार. समाजशास्त्राच्या मॅडम ‘धूर आणि स्त्री’ लिहिणार. मॅनेजमेंटचे सर धुराची व्हॅल्यू चेन काढणार. मातीच्या सरांनी मला विचारलं, मातीचं काही आहे का तिथे? सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, नाही. त्यांनी वही मिटली अन् चहा न घेता गेले.
त्यांना एकटं गाठून सांगतो. सोमवारी नक्की.

२ जून, आंजी
सोमवार आला, पण मातीचे सर सुट्टीवर. मी तर तयार होतो.
वावराच्या मधोमध खांब रोवून मशीन लावलं. कौशल्याबाई म्हणाल्या, धुरा तं खाली हाय, साहेब लोकं वर काऊन पाहून राह्यले? मी समजावलं, अभ्यास वरून खाली येतो. त्यांची सून रक्षा भेंडी तोडत होती. ती म्हणे, पाणीबी तसंच येते भाऊ. पोरगी हुशार आहे, पण निगेटिव्ह.
तानबाजीही आले. धोतर सावरून म्हणाले, आता विद्यापीठच आलं तं वाद कायचा? साहेब जिथं बोट ठेवतीन तिथून मी माती टाकतो. साहेबांनी मशीनच्या बटणावर बोट ठेवलं. तानबाजी थोडा वेळ थांबले, मग गेले.

१० जून
मशीनचा आकडा: शून्याच्या जवळपास. आठ दिवस झाले. परवा विद्यापीठाचे मोठे साहेब फोटोवाल्यासकट येणार. मॅडमचा आवाज बारीक झाला आहे. मी म्हटलं, गावात धूर लाजतो, माणसं आली की येईल.

१२ जून, आंजी
आला!
धुऱ्याजवळ पऱ्हाटीच्या मोळ्या रचलेल्या होत्या. मागच्या कपाशीच्या, वाळलेल्या. पडीकच असणार. वर ओलं पोतं टाकून मीच पेटवल्या. आकडा चारशेच्या वर, टाळ्या. समाजशास्त्राच्या मॅडमचे डोळे भरून आले. मोठे साहेब खोकत म्हणाले, ग्रेट वर्क.
गाड्या गेल्यावर कौशल्याबाई बाजारातून आल्या. त्या मोळ्या फटीत भरायला ठेवल्या होत्या. कोणी मोजून दिलं नाही, तर निदान मोळ्या अन् दगड रचून पाणी अडवायचं, असा त्यांचा विचार. राखेकडे पाहत राहिल्या. रक्षा बोलली. म्हणे, झाला ना तुमचा धूर? आता धुरा करा.
निश्चय: उद्याच नवीन मोळ्या आणून देणे. दुप्पट.

१३ जून
मोळ्यांसाठीच निघालो होतो. वाटेत एका ट्रकवर अख्खा आकाशपाळणा, उघडलेला. तो कसा जोडतात हे पाहायला मागे गेलो. तांत्रिक ज्ञान वाया जात नाही. संध्याकाळी मोळ्या आठवल्या.

२१ जून
कौशल्याबाईंचे चार मिस कॉल. वांग्याची रोपं लावली असणार, तेच सांगायला. उद्या लावतो फोन.

२६ जून
तीन दिवस पाऊस. आंजीला जाण्यात अर्थ नाही, ओल्यात डेटा येत नाही. घरी बसून रिपोर्टसाठी माझा फोटो निवडला.

२८ जून, आंजी
फट आता ट्रॅक्टर जाईल एवढी. वांगी नाल्यात. माती पण. खाली नुसता मुरूम दिसतो. मशीनचा खांब तेवढा जागेवर. आकडा वाचला: हवा अत्युत्तम. स्क्रीनशॉट मॅडमना पाठवला, अंगठा आला.
कौशल्याबाई चिखलातून रोपं वेचत होत्या. किती वाचली, विचारलं. रक्षा म्हणे, फॉर्ममधी कुठं दाबतं ते, दाखव ना.
जेवलो नाही आज. म्हणजे घरी जेवलो, पण कमी.

४ जुलै
मॅडमना सगळं सांगून टाकलं. धुरा म्हणजे बांध, धूर नव्हताच. मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट छापायला गेलाय, हे आता कुठे बोलू नकोस. रिपोर्टमध्ये आंजी शंभर टक्के धूरमुक्त. समस्या सुटली म्हणून टप्पा संपला, अन् टप्पा संपला म्हणून माझं पदही. म्हणजे आपण इतकं चांगलं काम केलं की आपली गरजच उरली नाही.
शेवटचं काम: बिनधुराची चूल कौशल्याबाईंना भेट देऊन फोटो आणणे.

७ जुलै, आंजी
ऑटोत चूल, चुलीवर मी. लोखंड अन् सिमेंटची, मरणाची जड.
धुऱ्यावर तिघं कामाला लागलेली: कौशल्याबाई, रक्षा, तानबाजी. पाण्यानं तानबाजींचंही अर्धं वावर खाली आणलं, तेव्हा हद्द मोजायची गरज उरली नाही. दगड कमी पडत होते.
मी म्हटलं, विद्यापीठातर्फे भेट. कौशल्याबाईंनी चूल चारही बाजूंनी निरखली. वजनाची हाय, म्हणाल्या. तानबाजींनी अन् रक्षानं ती उचलली अन् फटीत उलटी बसवली. चपखल बसली. वरून माती टाकली. फोटोत काहीच दिसत नाही.
मी आता निघू का, विचारलं. कौशल्याबाई म्हणाल्या, थांब, तू बी बस त्याच्यावर, माती दबन.
बसलो. इथूनच लिहितो आहे. दीड तास झाला. तिघं जेवायला घरी गेली. जाताना रक्षा म्हणाली, हलू नको. उठायचं कधी, ते कोणी सांगितलं नाही.