सखुबाईंची खोली आणि आमचे संग्रहालय

डोंबिवली, ६ फेब्रुवारी १९५४

ती. गोपीनाथदादांच्या पायांशी विश्रामचा नमस्कार.

तुमचे गुडघे ठाण्यातल्या खोपटच्या जिन्याला जुमानत नसतील आणि वहिनींचा खोकला उतरला असेल, असे धरून चालतो. इकडे सर्व खुशाल, असे लिहायला घेतले होते. पण खोटे कशाला लिहू? मी संतापलो आहे, आणि निम्मा संताप स्वतःवर आहे.

आमच्या चाळीला पंचवीस वर्षे झाली. कोकणातून पोटासाठी इकडे आलेल्या माणसांनी एकेका खोलीत संसार कसे केले, हे पुढच्या पिढीला दिसावे म्हणून संग्रहालय काढायचे ठरले. (ठराव मीच मांडला. कल्पना चांगली होती असे अजूनही वाटते, आणि त्याचाच राग येतो.) खोली निवडली सखुबाईंची. त्यांचे यजमान ठाकुर्लीच्या वीजघरात होते. ते गेल्यापासून बाई एकट्या. मार्गशीर्षात आमच्या सुमतीकडे किल्ली देऊन त्या लेकीच्या बाळंतपणाला खडवलीला गेल्या. बाळंतपणाला गेलेली बाई परत येते, हे चाळीला कळत नाही असे नाही. पण जाताना त्यांनी देव्हाऱ्यातले देवही नेले. देव हलले म्हणजे बिऱ्हाड हलले, असे आमचे चिटणीस श्रीपादराव म्हणाले आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. लेकीची पहिली खेप, देव जवळ असावेत, एवढेच बाईंच्या मनात होते. विचारायला खडवलीला कोणी गेले नाही. मीही नाही.

परवा बाई परतल्या. दारावर 'सखुबाईंची खोली' अशी मोठी पाटी, उंबऱ्याला आडवी दोरी, चुलीला गेरू, आणि चुलीशी माझ्या अक्षरातला कागद : 'रोजच्या वापरातील चूल'. त्याच्या शेजारी श्रीपादरावांचा : 'वापरू नये'. श्रीपादराव अगदी नम्रपणे म्हणाले, "सखुबाई, दुपारी दोरीच्या आत खुशाल बसा, शोभा येईल. फक्त चूल पेटवू नका, काळी होईल." बाई म्हणाल्या, "माझ्या चुलीक मी हात लावचो नाय, तर काय तुझ्या बापाशीन लावचो?" चाळीचे मालक काळुराम पाटील पायरीवर बसून मला विचारत होते, "मास्तर, बाय तर जित्ती हाय ना?" (मी मास्तर नाही, पण त्या वेळी ते सांगण्यात अर्थ नव्हता.)

समितीची बैठक भरली. उद्घाटनापर्यंत खोली आहे तशी ठेवायची, पुढचे पुढे पाहू, असे ठरले. पुढचे मला दिसते आहे : बाई थकून खडवलीला जातील आणि दोरी कायमची राहील. मी विरोध केला, पण इतक्या हळू की तो इतिवृत्तात आला नाही. सध्या बाई आमच्याकडे निजतात आणि आपली खोली दोरीबाहेरून बघतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. रागाच्या भरात अक्षर बिघडले, सांभाळून घ्यावे.

तुमचा,
विश्राम

ता. क. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून श्रीपादराव तुम्हालाच बोलावणार आहेत. नकार द्या, असे सांगण्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. देऊ नका. फीत कापा, दोरी ओलांडा, सरळ जमिनीवर बसा आणि सखुबाईंकडे चहा मागा. प्रमुख पाहुण्याला चहा नाही म्हणण्याची छाती अख्ख्या समितीत नाही. चूल एकदा पेटली, की तिला पुन्हा गेरू लावायला येणाऱ्याचे बाई बघून घेतील.

आणखी एक. हे पत्र सुमतीने बाईंना वाचून दाखवले. चहा करीन म्हणतात. दारावरची पाटी मात्र काढू देणार नाहीत. पंचवीस वर्षे तिथे यजमानांचेच नाव होते.