बदकाच्या मागे उभी असलेली बाई

२ ऑक्टोबर

मारित, तू हे वाचायला विसरणारच आहेस, तरी बोलते. ज्या नातीनं माझ्या पंच्याहत्तरीच्या केकमध्ये मूठभर मनुका कोंबल्या आणि वर "आजी, खात का नाहीस गं?" असं विचारलं, तिच्या आठवणीवर मी काय म्हणून विसंबायचं? शंभरदा सांगून झालंय, हे एकशे एकावं. लहानपणी मनुका समजून मी माशी चावली होती. तेव्हापासून मनुकेचं आणि माझं जमत नाही, या जन्मी जमणारही नाही. लिहून ठेव. म्हणजे, ते आता आपोआप लिहिलं जातंच आहे म्हणा.

तुझा हा फोन मात्र गुणाचा. लाल टिकली दाबायची आणि बोलायचं. तारखेपासून सगळं तोच लिहितो आणि तुझ्याकडे धाडतो. शाळेत अक्षरं माझ्यापुढं मुंग्यांसारखी पळायची आणि घरी आठ भावंडं रडायची. मी भावंडं निवडली. जन्मभर "चष्मा घरी राहिला" म्हणत निभावलं, आणि आता बघ, लेखिका झाले.

तर निघालो एकदाचे. चाळीस वर्षं दुधाचा टँकर हाकूनही तुझ्या आजोबाची, डेलमारची, हौस फिटली नाही, म्हणून ही जुनी घरगाडी घेतली. चालताना डुलते म्हणून तिचं नाव बदक. आत चूल, पलंग, न्हाणीघर, सगळं आहे. फक्त ऐसपैस जागा नाही. शेजारच्या लव्हर्नकडे किल्ली दिली. निरोप घेण्यात तास गेला: आधी स्वयंपाकघरात, मग दारात, मग अंगणात, मग गाडीच्या खिडकीतून. लव्हर्ननं वाटेसाठी भोपळ्याचा पाव दिला. डेलमार तो खाऊन म्हणाला, वाईट नाही. म्हणजे समज, डोळ्यांत पाणी येईल इतका आवडला.

४ ऑक्टोबर

विस्कॉन्सिन. टेकड्या अशा लाल झाल्यात की डेलमारसुद्धा दोनदा "हं" म्हणाला. शुक्रवारी मासा खायची इथली रीत, म्हणून रात्री तळलेला मासा आणि बटाट्याची धिरडी खाल्ली. ताजं चीज दातांखाली उंदरासारखं चिरकतं, ते पिशवीभर घेतलं.

गाडी मागे घेऊन जागेवर लावणं ही या प्रवासातली माझी सत्ता. मानेचं ऑपरेशन झाल्यापासून तुझ्या आजोबाला मागं वळून बघता येत नाही. त्याला दिसतो तेवढा त्याच्या बाजूचा आरसा, आणि त्या आरशात मी. मागे उभी राहून दोन्ही तळवे माझ्याकडे हलवते: येऊ दे, येऊ दे. मूठ वळली की थांब. गाडी चपखल बसली की स्वतःच्याच डोक्यावर दोन टपल्या मारते, म्हणजे शहाणं बाळ, आता इंजिन बंद कर. अक्षरं नाही आली, पण हे माझं हस्ताक्षर आहे, आणि ते फक्त त्याला वाचता येतं.

कॅम्पवरची मंडळी संध्याकाळी घडीच्या खुर्च्या टाकून नव्यानं येणाऱ्यांची फजिती बघत बसतात. आमच्या वेळी कुणाची करमणूक झाली नाही. एक म्हातारा तर नाराज होऊन आत निघून गेला.

६ ऑक्टोबर

मिसिसिपी ओलांडून आयोवात आलो. दिवसभर पाऊस. कॅम्पवर पोचायच्या आधी मी न्हाणीघरात गेले आणि दार अडकलं. आतून हाका मारल्या. पण त्या इंजिनाच्या घरघरीत कोण ऐकतंय. गाडी मागे गेली, थांबली, इंजिन बंद झालं. मग डेलमारनं येऊन लाथेनं दार उघडलं आणि म्हणाला, आत कधी आलीस?

मी म्हटलं, मी बाहेर होते कधी?

तो हसला. आज फार छान दाखवलंस म्हणाला, एकदाही हातवारे करून ओरडली नाहीस, आणि पिवळ्या रेनकोटात बरी दिसत होतीस. मला वाटलं, दार अडकलं त्यावर चेष्टा करतोय. त्याला चेष्टा जमत नाही, पण प्रयत्न सोडत नाही.

रेनकोट दाराजवळच्या खुंटीवर होता. घरून निघाल्यापासून मी तो अंगावर चढवलेला नाही. त्याच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं.

८ ऑक्टोबर

नदीकाठचा कॅम्प. आज मी मुद्दाम उतरलेच नाही. त्याच्या शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून बसून राहिले आणि म्हटलं, आता घे बघू गाडी मागे.

त्यानं घेतली. त्याच्या बाजूच्या आरशाकडे बघत, सावकाश, मान डोलावत. मधेच "हो, हो, येतोय" असं पुटपुटला. मी म्हटलं, डेलमार, मी इथं आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आरशाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही भीती नव्हती गं. एखाद्याला दोन वेळा "जेवलास का" विचारलं तर तो जसा बघतो, तसा बघत होता.

मी हँडब्रेक ओढला. उतरून मागे गेले. मागचं चाक काठापासून हातभर होतं. खाली नदी. कुणी नव्हतं. चिखलात पावलं होती, आणि ती काठाकडं जात नव्हती. काठाकडून आली होती.

सरपण विकणारा वेंडल नावाचा माणूस तिथला सगळा कारभार बघतो. त्याला आडून आडून विचारलं. त्यानं टोपी मागं सरकवली आणि सांगितलं: मागच्या शरदात, नदीच्या वरच्या अंगाला, खडीच्या जुन्या खाणीत पाणी साचलंय तिथं एकानं आपली घरगाडी मागे घेत घेत सरळ पाण्यात घातली. तो पोहून बाहेर आला. सगळ्यांना सांगत होता की बायको मागे उभी राहून बोलावत होती. बायको आत पलंगावर झोपलेली सापडली. आत म्हणजे, पाण्यात.

मग वेंडलनं विचारलं, सरपणाच्या दोन मोळ्या देऊ का एक पुरेल? मी एक घेतली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

९ ऑक्टोबर

तुला फोन केला, आठवतंय ना? तू म्हणालीस, आजोबांचे डोळे तपासून घ्या. शहाणी आहेस. डोळे त्याचे बिघडले असते तर मी आज पोटभर जेवले असते.

घरी परत चला म्हणून हट्ट धरला. तो कबूल झाला. माझ्यासाठी, तोंड पाडून. चार दिवसांची वाट आहे. मला गाडी चालवता येत नाही आणि रस्त्यावरची एक पाटी वाचता येत नाही; त्या आरशातल्या बाईनं त्याला असंच पाण्यात घातलं तर मी नुसती विधवा होणार नाही, हरवणारसुद्धा. आणि तसंही, त्याच्याशिवाय घरी जाऊन मी करू काय? भांडू कुणाशी?

मुक्काम अशाच जागी करायचा, जिथं गाडी एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर जाते. मागं घ्यायचंच नाही. आणि घ्यावंच लागलं तर एक नवी खूण ठरवली: मी डावा कान ओढेन. कान ओढणारी तीच मी. दुसरी कुणी नाही.

डेलमार म्हणाला, अगं एकावन्न वर्षं तुला ओळखतोय. मग म्हणाला, "आरशातली तू रागावत नाहीस, अर्डिस."

आणि हे सांगतोय कुणाला? मला. विचार कर.

१० ऑक्टोबर

डिझेल भरायला थांबलो. पुढं एक ट्रक आडवा आला आणि मागं घ्यावंच लागलं. मी उतरले. उजेड चांगला होता, माणसं होती. मागं उभी राहून डावा कान ओढला, आणि लगेच मूठ वळली: थांब.

तो थांबला नाही. बदक माझ्या अंगावर येत राहिलं. मी बाजूला उडी मारली; गुडघा फुटला. पंपावरच्या पोरीनं किंचाळून त्याला थांबवलं.

तो खाली उतरला तेव्हा पांढरा पडला होता. म्हणत होता, तू कान ओढत होतीस. कान ओढत होतीस आणि येऊ दे, येऊ दे करत होतीस. तू तर लांब उभी होतीस, त्या कुंपणाशी.

कानाची खूण डेलमारला ठाऊक होती. आणि मला. आणि मी ती इथं बोलले होते. ह्या फोनशी.

बाकी कुणाला नाही.

११ ऑक्टोबर

मारित बाळा, आज जरा गोडाचं बोलू. बाहेर ऊन छान पडलंय.

मला मनुका किती आवडतात ते तू कधी विसरली नाहीस. माझ्या पंच्याहत्तरीचा केक आठवतो ना? तो आठव. नीट आठव. तशाच मनुका घालून कुकीज करशील? आज नको. आज मला भूक नाही. मी पुन्हा मागेन. पुन्हा मागितल्या ना, की समज तुझी आजी कशी आहे ते.

विसरू नकोस हं. बाकी काहीही विसर, माझा वाढदिवस विसर, हे नको.

रेनकोट मी वाटेत कचऱ्याच्या पिंपात टाकला होता. खुंटीवर आहे. ओला आहे.

१२ ऑक्टोबर

धुकं. डेलमारनं वळण चुकवलं. मला पाटी वाचता येत नाही, त्याला दिसली नाही. दोन्ही बाजूंना कापून टाकलेल्या मक्याचे खुंट, अरुंद मातीचा रस्ता, आणि तो रस्ता पुढं संपलाच. फाटक. कुलूप. वळायला जागा नाही.

मागं घ्यावं लागणार. सगळा रस्ता. येताना उजव्या हाताला पाणी लागलं होतं, खडीचे ढीग होते –

तो आरशात बघतोय. हसतोय.

मी म्हटलं, थांब, मी उतरते. तो म्हणाला –

तो म्हणाला, "तू तर उतरलीस की."

मी त्याच्या शेजारी बसलेय मारित. माझा हात त्याच्या हातावर आहे. हात गार लागतोय का विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच नाही. सीट रिकामी असल्यासारखा –

हँडब्रेक ओढला. त्यानं सोडला. पुन्हा ओढला. किल्ली काढू गेले तर माझी बोटं बाजूला केली, हळूच, माशी हाकलावी तशी.

गाडी चाललीय.

आता एकच. मी उतरते. तिच्यापुढं जाऊन उभी राहते, तिच्या आणि त्याच्या मधे. आरशात तिच्याआधी मी दिसले पाहिजे. कान नाही, टपल्या नाहीत, काहीच खूण करणार नाही. उभी राहून शिव्या देणार. जन्मभराच्या. आरशातली रागावत नाही ना? मग रागावणारी कोण, ते कळेल त्याला. कळलंच पाहिजे –

फोन खिशात. चालू ठेवते.

डेलमार! अरे गाढवा! दूध नासवणाऱ्या, बहिऱ्या, मठ्ठ –

थांबला. थांबला गं.

बघतोय. माझ्याकडे बघतोय. मान वळत नाही त्याची, तरी वळवून –

माझ्या मागं कुणीतरी –

१३ ऑक्टोबर

प्रिय मारित,

आम्ही सुखरूप आहोत. काळजी करू नकोस. धुकं गेलं. तुझे आजोबा इथंच आहेत, ते आता दमलेत, त्यांना गाडी चालवायची नाही. मी त्यांच्यावर रागावत नाही. मी कुणावरच रागावत नाही.

ही जागा शांत आहे. तू ये. वाट सोपी आहे. मक्याच्या शेतांमधला मातीचा रस्ता धर आणि तो संपला की गाडी मागे घे. घाबरू नकोस, मी मागं उभी राहून दाखवीन.

येताना कुकीज आण. नाहीतर पाठव. मला मनुका फार आवडतात, ते तू कधी विसरत नाहीस. मनुका भरपूर घाल. अजून घाल. अजून थोड्या. येऊ दे. येऊ दे, येऊ –