इंटरनेटच्या डब्याचे स्वराज्य

बालाघाट, दि. ३

प्रिय यशोधनराव यांस,

गुणाकरचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आणि श्रद्धावहिनींचा दमा दोन्ही ताब्यात असतील. फोन सोडून कागद का, असे विचाराल. हाताने लिहिलेल्या अक्षरात माणूस दिसतो, हे माझे जुने मत आहे.

पंधरा तारखेला नागपूरच्या मंडळाने माझे भाषण ठेवले आहे, घरबसल्या, संगणकावरून. विषय : स्वावलंबन. चाळीस वर्षे आपण नागपूरचे वक्ते बोलावले आणि जाताना त्यांना चिन्नोर तांदूळ बांधून दिला. आता प्रथमच बालाघाट बोलणार आणि नागपूर ऐकणार! पण मोबाइलचा सिग्नल आमच्या उंबऱ्यावरूनच परततो, म्हणून कंपनीकडून बिनतारी इंटरनेटचा डबा घेतला.

डबा आला त्या दिवशी तुमच्या भगिनीने त्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, फोटो काढून श्रद्धावहिनींना पाठवला. डबा पालथा होता! मी पोट धरून हसलो. "मले काय मालूम त्याचं तोंड कोणतं अन् पाठ कोणती," मीनाक्षी फणकारली.

पण यशोधनराव, तो डबा पाहून माझे रक्त तापले. नाव कंपनीने ठेवलेले, पासवर्ड कंपनीने ठरवलेला, अँटेना आत कोंडलेला! घर माझे, वीज माझी, आणि डबा परक्याच्या आज्ञेत? इतिहासात राज्ये अशीच गेली आहेत. मी पुस्तिका दोनदा वाचली (बसवायला आलेल्या दुलीचंदने एकदाही वाचलेली नव्हती), सेटिंगमध्ये शिरलो आणि नाव ठेवले 'गुणाकर-स्वराज्य'. पासवर्ड असा, की शत्रूची मती गुंग व्हावी. मग बाहेरचा अँटेना आणून गच्चीवरच्या खांबाला टॉवरकडे तोंड करून बांधला. सिग्नलच्या दोन दांड्यांच्या जागी पाच! शेवटी डब्याच्या बुडाचे कंपनीचे स्टिकर सुरीने खरडून काढले आणि तेथे स्वहस्ते लिहिले : 'कोणाचाही मिंधा नाही.' शेजारचे महागूजी पाहून म्हणाले, "हौ, आता डबा तुमच्यावानीच दिसते." याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
गुणाकर

ता. क. : शत्रूची मती गुंग करणारा पासवर्ड मलाही आठवेना. पुस्तिकेत वाचून मागच्या भोकात टाचणी खुपसली. डब्याचा पुनर्जन्म झाला. नाव-पासवर्ड पुन्हा कंपनीचे. ते स्टिकरवर छापलेले असतात. दुलीचंद म्हणतो, "काहून खरडलं जी काकाजी ते?" नवा डबा महिनाअखेरीस मिळेल म्हणे.

ता. क. २ : वहिनींकडच्या पूजेच्या फोटोत डबा पालथा आहे, म्हणजे स्टिकर दिसत असणार. कुंकवाखालची अक्षरे भिंग लावून वाचा आणि टपालाने ताबडतोब कळवा. मीनाक्षीकडे फोटो मागता येत नाही. तिला हसलो होतो. फोन करू नका. सिग्नल फक्त गच्चीवर मिळतो, आणि मला हळू बोलता येत नाही.

दादा, हे पत्र टपालात टाकाले माझ्याच हाती देल्लं, तेही पाकीट न चिकटवता. कुंकवानं अक्षरं झाकतील म्हणून पूजेच्या आधीच मी स्टिकरवरचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. तू काही कळवू नको. चौदापर्यंत तोंडानं मागतात का, पाहून राह्यली. नाही मागतला तरी पंधराला सकाळी देईनच. नागपूरनं नाही ऐकलं, तर ते सारं भाषण मलेच ऐका लागन.
— मीनाक्षी