राणीची तार अन् माझी बाज

मंगळवार, सांजंला

आधी आले नातजावई, दोन्ही हातांत बॅगा. मागनं माझी नात राणी, मोकळ्या हातानं हसत. लई आनंद झाला. पण तिचं काम ऐकलं अन् म्या तिला जवळ बसवून घेतलं. बर्फाच्या डोंगरावर माणसं खुर्चीत बसून तारेवरनं वर जातात. त्या तारेचा ताण ही बघती, खांबावर चढून!

म्या इचारलं, "बाजेच्या दोरीगत आवळायची का गं?"

"व्हय आज्जी. लई आवळली तर खांबावर जोर येतो, सैल सोडली तर खुर्च्या जमिनीला घासतात. म्हणून ताण सारखा राहायला टोकाला मोठं वजन टांगतो."

"अन् ते अडकलं तर?"

"म्हणून तर मी असते."

पोरं गेल्यावर बाजेवर टेकले, तर दोरी करकरली. दचकून उठले अन् सैल केली. येळवशीला, शेतातल्या पूजेच्या अवसेला, येतो म्हणालेत. तवा तिच्याच हातानं आवळून घेईन.