नऊजण आणि दगडू

मी, हन्नोक बिन्यामीन चेऊलकर, वय वर्षे शहात्तर, धर्म यहुदी, गोदीतून निवृत्त झालेला टर्नर, राहणार डॉकयार्ड रोड, माझगाव, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना करून ठेवीत आहे. यापूर्वी मी असा कोणताही दस्तऐवज केलेला नाही. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे व्हावी.

एवढं वकील अवधूत तळपदे यांनी सांगितलं तसं उतरवलं. इथून पुढचं माझं. तळपदे गिरगावातले, घरात तीन पिढ्यांची वकिली. माझा मसुदा वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अहो चेऊलकर, मृत्युपत्रात इतकं बोलायचं नसतं. मी म्हटलं, मग कुठं बोलू? माझी बायको सिपोरा गेल्या जूनमध्ये गेली. तेव्हापासून घरात मी आणि फ्रिज, दोघंच आवाज करतो.

शुद्धीवर असल्याचा दाखला आमच्याच मजल्यावरच्या डॉक्टर संघमित्रा तांबे यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. जिवंत असल्याचा दाखला मिळवणं त्याहून अवघड निघालं. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयात असल्याचं सिद्ध करावं लागतं. जन्मभर लेथवर काम करून बोटांच्या रेषा झिजल्या, यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो. काउंटरवरची मुलगी म्हणते, काका, पुसून पुन्हा ठेवा. मी तिच्यासमोर उभा आहे, घाम पुसतोय, तिच्याशी बोलतोय, आणि यंत्र सांगतंय की हा माणूस जुळत नाही. शेवटी तिला दया आली आणि तिने कागदावर सही घेतली.

कलम १. माझी राहती जागा, म्हणजे जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीतला अकराव्या मजल्यावरचा माझ्या मालकीचा फ्लॅट, माझा एकुलता एक मुलगा योएल, राहणार अश्दोद, इस्राएल, याला द्यावा. या कलमाला मी आधी एक अट घातली होती. ती अशी की, योएलने स्वतः मुंबईला यावं, आईच्या कबरीपाशी आमच्या दहा पुरुषांत उभं राहून तिच्यासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची आमची प्रार्थना, म्हणावी, आणि मगच त्याला चावी मिळावी. अटीचं पुढं काय झालं ते सांगतो, पण त्याआधी बाकीची आवराआवर.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी योएलला. निम्मी आमच्या मशिदीला. आम्ही बेने इस्राएल जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतो, त्यामुळे वाचणाऱ्याने गोंधळू नये. त्या व्याजातून दिव्यांचं तेल भरावं आणि वर्षातून एकदा सिपोराच्या नावाने मलिदा करावा. पोहे गोड हवेत, खोबरं सढळ हाताने घालावं. हल्लीच्या मलिद्यात गूळ शोधावा लागतो.

कलम ३. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला काहीही नाही. तिकडं युद्ध पेटलं की इथं माझ्या फोनला ऊत येतो. एकजण लिहितो, तुमच्या लोकांनी काय धडा शिकवला, आणि खाली टाळ्यांची चित्रं. दुसऱ्याने माझ्याशी लिफ्टमध्ये बोलणं टाकलं. मी जणू इस्राएल चालवतो! मला आमचा पाण्याचा पंप वेळेवर चालू करून घेता येत नाही. माझे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी बैल सोडायचे, म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली म्हटलं. एवढंच आमचं राजकारण. माझा मुलगा भोंगा वाजला की नातवाला उचलून तळघरात धावतो. सीमेपलीकडेही कुणाचा तरी मुलगा पोराला उचलून धावतो, आणि त्याला तळघर नाही. मला दोघांसाठी रडू येतं. हे ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन्ही बाजूंनी मला काढून टाकलं असतं.

कलम ४. सिपोराचा चांदीचा पेला, ज्यातून आम्ही शुक्रवारी काळ्या मनुकांचं शरबत प्यायचो, तो योएलला. तिच्या साड्या दगडूची बायको अंबिका हिला द्यायच्या होत्या, त्या मी माझ्या हाताने आधीच दिल्या. दगडूबद्दल आता सांगायलाच हवं.

दगडू नाईकधुरे माझा शेजारी. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, मूळचा मालवणकडचा. जुन्या चाळीत आमची भिंत एक होती, टॉवर झाल्यावर त्याने मुद्दाम भांडून माझ्या शेजारचा फ्लॅट घेतला. आम्हीही आयुष्यभर भांडलो. त्याच्या पक्षाचे दोन तुकडे झाले तेव्हा तो सहा महिने कोणत्या तुकड्याच्या बाजूने भांडायचं तेच ठरवत होता, आणि तोवर माझ्यावर राग काढत होता. पण योएल तिकडे जाऊन सोवळा झाला आणि फोनवर सांगू लागला की बाबा, शब्बाथला, म्हणजे शनवारच्या विसाव्याला, लिफ्टचं बटण दाबू नका, तेव्हा सिपोराचे गुडघे बघून दगडूच पुढं झाला. दर शनिवारी सकाळी तो पायजमा-बनियनवर बाहेर यायचा, मलाही खालीच जायचंय म्हणायचा, आणि बटण दाबायचा. खाली गेला की तसाच वर यायचा. आमच्या प्रत्येक मयताला तो आलेला आहे. आमेन कुठं म्हणायचं हे त्याला माझ्या पुतण्यांपेक्षा बरं ठाऊक होतं, आणि पुतणे सगळे आता तिकडेच असतात.

सिपोरा रविवारी सकाळी गेली. आमच्यात मयत ठेवत नाहीत, त्याच दिवशी माती देतात. योएल म्हणाला, बाबा, थांबा, मी येतो. पण त्याच आठवड्यात तिकडची विमानं बंद झाली होती, कधी सुरू होतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला शीतपेटीत घालून किती दिवस थांबायचं? तिला पंखासुद्धा सोसत नव्हता. मी थांबलो नाही, आणि आजही थांबलो नसतो. ठरलं असं की डॉक्टरबाईंनी फोन धरायचा आणि योएलने तिकडून बघायचं.

कद्दीशला दहा यहुदी पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. पूर्वी माझगावात नुसती हाक मारली तरी दहा जमायचे. आता सगळ्यांची पोरं तिकडे गेली आणि म्हातारे मातीखाली गेले. शिवाय आमच्यात माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, अशुभ मानतात. हज्जान म्हणजे आमचे प्रार्थना चालवणारे. ते शास्त्रातलं दहा शब्दांचं एक वचन म्हणतात आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जातात. वचन पुरं झालं की माणसं पुरी. हज्जानबाबांचं वय ऐंशीच्या पुढं, चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. त्यांना रांगेत टोप्या दिसल्या. शेवटचा शब्द त्यांनी टोपी घालून उभ्या असलेल्या दगडूवर ठेवला. मी तिच्याकडे बघत होतो, रांगेकडे नाही. ज्यांच्या लक्षात आलं ते गप्प बसले. त्यांनाही वाटलं असेल, बाईची माती अडू नये.

मी कद्दीश म्हणायला लागलो, योएल फोनमधून म्हणू लागला. नेटवर्कमुळे त्याचा शब्द माझ्या मागं पडत होता. आम्ही आमेन म्हणून संपवलं तरी तो बिचारा मागच्या ओळीवरच होता. रडत होता. मग डॉक्टरबाईंचा हात दुखला म्हणून फोन थोडा वळला, आणि त्याला सगळी रांग दिसली. रडणं थांबलं. स्पीकरवरून सगळ्यांना ऐकू आलं.

"बाबा, दगडूकाका रांगेत कसे? नऊच आहेत. आईचं कद्दीश झालंच नाही."

दगडूने टोपी काढली, नीट घडी घातली, हज्जानबाबांच्या हातात दिली, आणि फाटकापाशी जाऊन उन्हात एकटा उभा राहिला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्याला दहांत धरलंय. तो आपला सिपोरावहिनीला पोचवायला उभा होता. माती ढकलायलाही तो पुढं आला नाही, आणि मी त्याला हाक मारली नाही. सुतकाचे सात दिवस मी जमिनीवर बसलो, सातही दिवस अंबिकाने मसुराची आमटी आणि उकडलेली अंडी पाठवली. दगडू दारापर्यंत यायचा, डबा ठेवायचा, आत येत नव्हता. शनिवारी मी आता जिन्याने जातो.

योएल तिकडे रोज दहा माणसांत उभा राहून आईसाठी कद्दीश म्हणतो. पोरगा वाईट नाही. पण माझ्याशी त्याचं बोलणं तुटलं. शुक्रवारी आवाज रेकॉर्ड करून शब्बाथ शालोम एवढंच धाडतो. मी तो आवाज पुन्हापुन्हा ऐकतो.

म्हणून मी कलम एकला अट घातली होती. तळपदे म्हणाले, घालता येईल. घरी येऊन मसुदा वाचला आणि मला माझीच लाज वाटली. फ्लॅटच्या चावीसाठी आईच्या कबरीपाशी उभा केलेला मुलगा काय कद्दीश म्हणेल? ती अट मी काढून टाकली आहे. योएल, घर तुझंच आहे. ये किंवा येऊ नकोस. आलास तर मात्र आधी दगडूच्या दारात जा, मग आईकडे. हे कलम नाही, तुझ्या बापाचं मागणं आहे.

कलम ५. मला त्याच दिवशी माती द्यावी, कुणासाठीही थांबू नये. फोन कुणी धरू नये. योएल, तू माणसं मोजशील म्हणून नाही रे. तिच्या वेळी तू पडद्यावर रडत होतास आणि मला तुझ्या डोक्यावरून हात फिरवता आला नाही. मी मेल्यावर तुला तसं बघणारं इथं कुणी नको. माझ्या कद्दीशला दहा मिळाले तर मिळाले. न मिळाले तर जितके असतील तितक्यांनी उभं राहावं, आणि दगडूला कुणी फाटकापाशी पाठवू नये.

कलम ६. माझी हत्यारांची पेटी, म्हणजे मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि मी स्वतः धार लावलेल्या पटाशा, दगडूला, असं मसुद्यात होतं. ही पेटी तो तीस वर्षं माझ्याकडे मागतोय. परवा सहीसाठी सगळ्यांना घरी बोलावलं. दगडूला साक्षीदार राहा म्हणून निरोप दिला, तेव्हा जूननंतर तो पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला. तळपद्यांनी मसुदा बघितला आणि पेन खाली ठेवलं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, त्याच्या बायकोलाही काही मिळता कामा नये, असा कायदा. त्यांनी दगडूला समजावलं की पेटी घ्या, साक्षीदार आपण दुसरा बघू, खालचा वॉचमनसुद्धा चालेल. दगडूने पेटीचं झाकण उघडलं, बघितलं, बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"माका हत्यारां नको, हन्नोक. मी सही करतंय. खंय तरी माका मोज."

कुठं तरी मला मोज म्हणाला, तेव्हा कलम सहा रद्द. हत्यारंही योएलला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील अवधूत तळपदे यांनी करावी. हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही केली, आणि त्यांनी माझ्या देखत.

(सही) हन्नोक बिन्यामीन चेऊलकर

साक्षीदार:
१. (सही) दगडू भिकाजी नाईकधुरे
२. (सही) डॉ. संघमित्रा तांबे

स्थळ: माझगाव, मुंबई
दिनांक: ४ फेब्रुवारी २०२६