ओटा, मुलांसाठी

१२ सप्टेंबर १९९६, गुरुवार
वही नवी. ही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

पेपरात लेख आला आहे. धंद्यासाठी केलेला खर्च करातून वजा होतो. माझं पाळणाघर हा धंदाच आहे. नऊ मुलं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. दोन वर्षं झाली, रिटर्न एकदाही भरला नाही. नोटीस कधीही येईल. या वर्षी भरायचा, आणि खर्च दाखवून भरायचा.

खर्च कोणता, ते ठरलं. स्वयंपाकघरात ओटा. तीस वर्षं गॅस जमिनीवर, मी पाटावर. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि स्वयंपाक उभ्यानं करा म्हणाले. शिवाय दिवाळीला नणंद येणार, ग्वाल्हेरहून. माई दरवर्षी चपला काढता काढताच विचारतात, "वहिनी, अजून खालीच?" यंदा मी उभी असेन.

ओटा मुलांसाठी. त्यांचं दूध तिथंच तापणार.

हे म्हणाले, मुलं तर डबे घरून आणतात. ह्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. धंदा कळत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार
दहावं मूल आलं. मधुरा, चार वर्षांची. आई मीना, शिक्षिका. वडील सुहास. फॉर्मवर नोकरीच्या रकान्यात एकच शब्द, "शासकीय". कुठलं खातं, विचारलं. म्हणाले, ऑफिस कोठीकडे आहे. कोठीकडे काय एकच सरकारी ऑफिस आहे? आणि विचारल्यावर सरळ उत्तर न देणारा माणूस सहसा कुठल्या खात्यातला असतो?

जाताना भिंतीवर बोटानं टकटक केली. घर किती जुनं, फरशी कधी बसवली, ही चौकशी. मी सांगितलं, माहीत नाही. माझ्याच घराची फरशी मला माहीत नाही. सुचेल ते बोलावं लागतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार
मधुरा दिवसभर प्रश्न विचारते. आजी, हे काय आहे, हे कुणाचं आहे, हे तुम्ही का ठेवलं आहे. बाकीची नऊ मुलं रडतात, सांडतात, झोपतात. ही चौकशी करते. शिकवून पाठवली आहे.

आजपासून तिच्यासमोर घराबद्दल बोलणं बंद. ह्यांनाही ताकीद दिली. हे म्हणाले, मी तसाही कुठे बोलतो.

२ ऑक्टोबर, बुधवार
सुट्टी. गोपाळ मिस्त्री येऊन गेला. पितृपक्ष चालू, नवरात्र बसेपर्यंत काम सुरू करायचं नाही. ठीक. तेवढ्यात कागद पक्के करून घ्यावेत. म्हणून बिल आधी, काम नंतर. मजकूर मी सांगितला, त्यानं लिहिला: "बच्चों के हाथ धोने एवं नाश्ते का प्लेटफार्म, ऊँचाई डेढ़ फुट।"

मिस्त्रीनं मान वर करून विचारलं, डेढ़ फुट? म्हटलं, तुम लिखो, बनाना वैसा जैसा सबके यहाँ होता है. तो हसला. त्याला कळलं. असे कामाचे लोक मला पटकन ओळखता येतात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
काम सुरू. सगळीकडे सिमेंट. दोन आयांनी मुलं दिवाळीपर्यंत घरीच ठेवतो म्हणून कळवलं. खोकल्याचं कारण. खरं कारण कुणी त्यांच्या कानात घातलं ते मी जाणून आहे.

सुहासराव मुलीला न्यायला तासभर आधी आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे. आणि खिशातून टेप काढला. मोजायचा टेप! ओट्याच्या काळ्या दगडाची लांबी मोजली, रुंदी मोजली, एका चिठ्ठीवर लिहून घेतली. मिस्त्रीशी हळू आवाजात बोलले. मी चहा विचारला नाही.

रात्री ह्यांना नियम घालून दिला. मापाबद्दल कोणी एक अक्षर विचारलं, तर तोंड उघडायचं नाही. बिल काढून दाखवायचं. दोनदा म्हणून घेतलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार
दसऱ्यानिमित्त पाळणाघर बंद. बहिणीकडे इंदूरला चालले आहे. पडदेही आणीन (मुलांसाठी).

२२ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळी ६
परत आले. ओटा झाला आहे. माझ्या गुडघ्याइतका.

रात्री ८
आता शांतपणे लिहिते. गोपाळ आलाच नव्हता. त्यानं भावाला पाठवलं. भावानं ह्यांना विचारलं, बाबूजी, ऊँचाई कितनी? ह्यांनी तोंड उघडलं नाही. बिल दाखवलं.

मी विचारलं, डोळ्यांना दिसत नव्हतं का? हे म्हणाले, "दिसत होतं. पण नियम तुझाच होता."

गोपाळ नानाखेड्याला आहे. सुहासरावांनी तिथं प्लॉट घेतला आहे, घर बांधताहेत, मिस्त्री हवा होता. टेप स्वतःच्या ओट्यासाठी. नोकरी उद्यान विभागात, गुलाबाची कलमं करतात. हे सगळं मीनानं आपणहून सांगितलं, मी काही विचारलं नव्हतं. गोपाळचा निरोप आला: तोडला तर दगड तडकेल, आणि आता दिवाळीनंतरच.

ठीक. निदान बिल तरी आता शंभर टक्के खरं आहे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
टावर चौकात वकिलाकडे गेले. बिल पुढे ठेवलं. त्यांनी पाळणाघराची वर्षाची कमाई विचारली, कागदावर एक ओळ लिहिली आणि पेन बंद केलं. "माताजी, आप पर टैक्स लगता ही नहीं."

दहा मुलं आहेत म्हटलं. म्हणाले, पंधरा असती तरी नसता लागला. हा माणूस काहीतरी लपवतो आहे असं वाटून जवळच फ्रीगंजात दुसऱ्या वकिलाकडे गेले. तो पहिल्याला ओळखतसुद्धा नाही. तेच म्हणाला.

७ नोव्हेंबर, गुरुवार
माई आल्या. चपला काढता काढता तोंड उघडलं, ओटा पाहिला, मिटलं. मी सांगितलं, मुद्दाम असा करून घेतला, मुलांसाठी. बिल दाखवलं. माईंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, छान झाला आहे. ते त्यांच्या नेहमीच्या प्रश्नापेक्षा वाईट होतं.

पण मुलं आली आहेत, दहाच्या दहा. ओट्याशी ओळीनं उभी राहून हात धुतात. कुणाला उचलावं लागत नाही. सुहासराव न्यायला आले तेव्हा थांबून बघत राहिले. म्हणाले, मुलांचा इतका विचार शहरात दुसरं कुणी करत नसेल. आज चहा विचारला.

मधुरा हात पुसत माझ्याजवळ आली. म्हणाली, "आजी, हा तर आमचा ओटा आहे. मग तुमचा कुठे आहे?"

हिला कोणी शिकवून पाठवलेलं नाही. खात्री पटली.

पाट ओढला आणि पोळ्यांना बसले.